घानाचं श्राज: तक्रार लिहून घेण्यात एक नंबर, पुढचं जरा सबुरीनं

अक्राला, म्हणजे घानाच्या राजधानीत, नवीन आलेल्या आपल्या लोकांना हे ठाऊकच नसतं म्हणून लिहितोय. हाय स्ट्रीटवर जुनं संसद भवन आहे ना, तिथं श्राजचं (CHRAJ, मानवी हक्क आणि प्रशासकीय न्याय आयोग) मुख्य ऑफिस. मानवी हक्क आयोग, लोकायुक्त आणि अँटी करप्शन, तिन्ही खाती एकाच छपराखाली, १९९२ च्या घटनेतच लिहिलेलं आणि १९९३ पासून चालू. फी शून्य.

आमच्या गल्लीत केंके (आंबवलेल्या मक्याचे गोळे) विकणाऱ्या एक ताई आहेत, नवरा पोरांच्या जेवणाशाळेचे पैसे देईना म्हणून त्या गेल्या, मी सोबत. मला वाटलेलं फॉर्म आणा, झेरॉक्स आणा, उद्या या. तसलं काही नाही! तोंडी तक्रार चालते असं कायद्यातच आहे, तिथल्या माणसानं लिहून घ्यायची आणि खाली तुमची सही नाहीतर अंगठा. ताई ट्वीमध्ये (इथली भाषा) बोलत होत्या, तो माणूस लिहीत होता, बास.

पण मला ह्यांचं खरं काम वाटतं ते तक्रारीची वाट न बघता स्वतः जाऊन बघणं. २००८ मध्ये सोन्याच्या खाणींजवळच्या वस्त्या फिरून अहवाल काढला, प्यायचं पाणी खराब झालंय, लोकांची पोटापाण्याची साधनं गेलीत, असं स्पष्ट लिहिलं. त्याच वर्षी तिथल्या सुप्रीम कोर्टानं लॉटरीवाल्यांच्या केसमध्ये (हो, लॉटरी!) सांगितलं की घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं (पोटापाण्यासारख्या गोष्टी त्यातच येतात) कोर्टात मागता येतात असंच धरून चालायचं. आपण शाळेत नागरिकशास्त्रात बरोबर उलटं पाठ केलेलं, त्यामुळे मी दोनदा वाचलं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार का कापला? कारण हे शिफारस करतात, हुकूम नाही. समोरच्यानं तीन महिन्यांत काही केलं नाही तर आयोगालाच कोर्टात जावं लागतं आणि मग तिथल्या तारखा. शिवाय २०१५ मध्ये ह्यांच्याच आयुक्तांना हॉटेल आणि घरभाड्याच्या खर्चावरून पदावरून काढलं होतं, म्हणजे दिव्याखाली अंधार होताच, पण काढलं तरी, हेही खरं.

जायचं तर बारा महिन्यांच्या आत जा, नंतर ते नाही म्हणू शकतात. आणि केस आधीच कोर्टात असेल तर हात लावत नाहीत, उगाच ट्रोट्रोचं (इथली शेअर मिनीबस) भाडं घालवू नका.