उजव्या कोपराचा सांधा बदलला, त्यानंतरचे महिने

गुडघे बदललेली माणसं कोथरूडमध्ये सोसायटीगणिक भेटतात. कोपर बदललेलं मात्र ऑपरेशनआधी मला कुणीच भेटलं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मला जुना आमवात. उजव्या कोपरातली कूर्चा झिजून हाडावर हाड घासायचं, रात्री कूस बदलली तरी जाग यायची. ते दुखणं आता नाही. दुखण्यापायी ऑपरेशनचा विचार करत असाल, तर जरूर करा असंच मी सांगेन.

माझा सांधा बिजागरीसारखा जोडलेला आहे. एक दांडी दंडाच्या हाडात, दुसरी खालच्या हाडात, दोन्ही बोन सिमेंटनं बसवलेल्या, मधे प्लॅस्टिकचे बुश, म्हणजे घासण्याचा भार घेणारी अस्तरं. हात पूर्ण सरळ होत नाही, पण रोजच्या कामांना साधारण 30 ते 130 अंशांची हालचाल लागते, तेवढी मिळाली. घास तोंडापर्यंत जातो, कंगवा मानेमागे पोचतो. परवा अंबाडा स्वतः घातला. लेक पिना हातात धरून नुसती बघत राहिली.

खरा प्रश्न वजनाचा. या हातानं वारंवार उचलायचं ते फार तर 2 किलो, एखाद्या वेळी 4-5, आणि तेही आयुष्यभर. जास्त ओझ्यानं बुश झिजतात, दांड्या सैल होतात, मग पुन्हा ऑपरेशन, आणि ते पहिल्याहून अवघड. हे आधी कुणी बसवून समजावलं नाही, डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ होती. त्याचा मला अजून राग आहे. भरलेला कुकर, मंडईतली पिशवी, नातवाला कडेवर घेणं, सगळंच त्यात आलं. कुकर मी आता दोन्ही हातांनी ओट्यावरून सरकवते. पीएमपीच्या बसमध्ये वरचा दांडा उजव्या हातानं धरत नाही, ब्रेकचा हिसका थेट कोपरात जातो.

कोपराच्या आतल्या बाजूची नस ऑपरेशनमध्ये जपावी लागते. माझ्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला बरेच दिवस मुंग्या यायच्या. करंगळीचं टोक अजून थोडं बधिर आहे. कोपराच्या टोकावरची कातडी पातळ, त्यामुळे जखमेची काळजी फार घ्यावी लागली. सुरुवातीला खुर्चीच्या हातावर रेटा देऊन उठायलाही मनाई होती, दंडामागचा स्नायू जुळून यावा म्हणून.

डावं कोपरही त्याच वाटेवर आहे. डॉक्टर तयार आहेत, पण दोन्ही हातांना 2 किलोची मर्यादा आली तर स्वयंपाकघर कसं चालवायचं, ते घरात बसून ठरवल्याशिवाय मी तारीख घेणार नाही.