नीतिसूत्रे आणि दोनशेपानी वही: सात महिन्यांनंतर

मुलगा अकरावीला गेला तेव्हा, जुलैत, आम्ही हे सुरू केलं. बायबलमधल्या नीतिसूत्रांचे अध्याय 31, म्हणून जी तारीख तो अध्याय रात्री जेवणानंतर वाचायचा. दिवस चुकला तर मागचं भरून काढत बसायचं नाही. आणि खरं वागायचं की नाही हे ज्यात त्याच्या हातात होतं, असा दिवसातला एक निर्णय वहीत लिहायचा. आता जानेवारी संपतोय. चर्चच्या मंडळीतल्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिले दोन महिने वाया गेले, स्पष्टच सांगते. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, उत्तरं देतात तसं तो लिहायचा: ‘आज प्रामाणिक राहिलो, प्रभूने मदत केली.’ कुठे, कशात, काही नाही. खरेपणासाठी आणलेल्या वहीतच तो मला बरं वाटेल ते लिहीत होता.

सप्टेंबरात एका संध्याकाळी नणंदेचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते, दमले होते. म्हटलं, ‘सांग, मम्मी प्रार्थनेला गेलीय.’ त्याने सांगितलं. रात्री वहीत दोनच वाक्यं होती: ‘आत्याला खोटं सांगितलं. मम्मीने सांगायला लावलं.’ मला रडू आलं. त्याच्यासमोरच नणंदेला फोन लावून खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून वही दोघांची झाली. धडा लिहायचा नाही, घडलं तेवढंच लिहायचं. आणि लिहिलेल्यावरून ओरडा नाही, असं ठरलं. दुसरं पाळणं मला फार जड गेलं. पास सेकंड क्लासचा, आणि दादरला गर्दी बघून हा फर्स्ट क्लासमध्ये चढला, हे वाचल्यावर ओठ घट्ट मिटून बसले होते. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, ‘दोन गाड्या सोडल्या, पण सेकंडनेच आलो.’

खऱ्या अर्थाने उपयोग झाला तो फिजिक्सच्या जर्नलमध्ये. साध्या लंबकाचा प्रयोग होता: वीस आंदोलनांना किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि त्यावरून ‘जी’, म्हणजे गुरुत्वत्वरण, काढायचा. उत्तर 9.8 च्या आसपास यायला हवं, याचं 10.8 येत होतं. बाकीच्यांनी मागच्या वर्षीच्या जर्नलवरून रीडिंग बसवली होती; त्याला मुलं ‘बसवणं’च म्हणतात, चोरी कुणी म्हणत नाही. त्या आठवड्यातच 11 वा अध्याय झाला होता, खोट्या तागडीचा. ‘तागडी’ म्हणजे काय हे त्याला भाजीवालीच्या काट्यावरून समजावलं होतं, पारड्याखाली लोहचुंबक चिकटवतात तेही सांगितलं होतं. दोन दिवस त्याची घालमेल चालली. शेवटी 10.8 च लिहून दिलं. सरांनी लाल पेनने फुली मारली आणि पुन्हा करायला लावलं. तेव्हा त्याला चूक सापडली: गोळा सोडतानाच तो ‘एक’ म्हणत होता, ‘शून्य’ म्हणायला हवं होतं. म्हणजे वीस मोजली तेव्हा आंदोलनं एकोणीसच झालेली. हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की मी गॅस बंद करून ऐकत राहिले.

मग 20 वा अध्याय आला तेव्हा त्यानेच विचारलं, ‘मम्मी, वजनमापाचं परत का?’ त्या अध्यायात ते दोनदा येतं. आम्ही तासभर बोललो. एरवी त्याच्याशी तासभर बोलणं होतं कुठे?

उणीव एक आहे, आणि मोठी आहे. मोबाईलबद्दल वहीत काहीच येत नाही. रात्री पांघरुणात किती वेळ जातो, काय बघितलं जातं, हे आईच्या नजरेखालच्या वहीत मुलगा लिहिणार नाही, आणि जबरदस्तीने लिहून घेतलं तर पहिल्या दोन महिन्यांसारखंच होईल. त्यासाठी मी त्याच्या पप्पांना आणि तरुण संघातल्या एका दादाला त्याच्याशी बोलायला सांगितलंय. ते काय बोलतात ते मी विचारत नाही.

लहान मुलांसाठी मी हे सुचवणार नाही. आमची धाकटी दहा वर्षांची आहे, ती रोज ‘आज खोटं बोलले नाही’ एवढंच लिहायची. चौदा-पंधराच्या पुढे घ्या, आणि आधी आठवडाभर स्वतःच्या गोष्टी लिहून मगच वही मुलाच्या हातात द्या.