इंग्लंडमधली पुस्तकांची दुकानं आणि त्यातले कॅफे: कित्येक महिने वापरून झाल्यावर

दहा शिक्के झाले की एक कॉफी फुकट, असं ते कार्ड. एका मोठ्या पुस्तकदुकानाच्या वरच्या मजल्यावरचा कॅफे, नाव घेत नाही. कार्ड भरलं, घेऊन गेलो, तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो सिस्टीम बदलली, आता ॲप आहे, जुनी कार्डं चालत नाहीत. अहो पण शिक्के तुम्हीच मारलेत की! मॅनेजर आला, सॉरी सॉरी म्हणाला, कॉफी काही दिली नाही. तिथं कॉफी साडेतीन-चार पौंडांना पडते, म्हणजे चारशे रुपयांच्या घरात, आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या कंपनीनं ब्रिस्टलला पाठवलेल्या माणसाच्या डोक्यातून हा हिशोब काही जात नाही. आता शहापुरात घरी येऊन बसलोय तरी तो राग आहेच, पण तो त्या एका कॅफेपुरता. बाकीच्यांबद्दल सांगण्यासारखं भरपूर आहे आणि टिळकवाडीतला मावशीचा पोरगा सप्टेंबरात तिकडं शिकायला जायलाय, त्याच्यासारख्यांसाठी लिहितोय.

फोटो, पत्ते, कुठलं दुकान किती सुंदर, हे सगळं नेटवर मिळतंय. मला बोलायचंय ते खुर्चीबद्दल. बसायला जागा आहे का, काही न घेता बसू देतात का, पाठ टेकता येते का. दुकान कितीही देखणं असू दे, उभ्यानं चार पानं वाचून माणूस पुस्तक परत ठेवतो. बसून वीस पानं वाचली की तेच पुस्तक बिलाला जातं, माझं तरी दरवेळी असंच झालंय. लंडनला चेअरिंग क्रॉस रोडवर फॉइल्स आहे, १९०३ पासूनचं नाव, कॅफे पाचव्या मजल्यावर, पण शनिवारी दुपारी तिथं टेबल मिळवणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी सावंतवाडीच्या एसटीत सीट धरणं. डाँट बुक्सच्या मॅरिलबोनच्या दुकानात पुस्तकं देशांप्रमाणे लावलीत, भारताच्या कपाटात इतिहास, प्रवास, कादंबरी सगळं शेजारी शेजारी, ते मात्र उभ्यानंसुद्धा बघण्यासारखं.

अजून एक गोष्ट मला बरेच दिवस खुपत होती. तोच केक बसून खाल्ला तर महाग, पिशवीतून नेला तर स्वस्त. खुर्चीचं भाडं लावतात की काय! मग ऑफिसातल्या एकानं समजावलं की दुकानात बसून खाल्लं की त्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, केक बाहेर नेला की शून्य. कॉफी गरम, त्यामुळं तिला दोन्हीकडं २० टक्के. छापील पुस्तकावर व्हॅट शून्यच. हे कळल्यावर दुकानदारांवरचा राग उतरला आणि मी कॉफी तेवढी बसून घ्यायला लागलो, केक पार्सल. पुस्तकं तर दान आलेल्या वस्तू विकणाऱ्या ऑक्सफॅमसारख्या चॅरिटी दुकानांतून घ्यावीत, कॉफीपेक्षा स्वस्त चांगल्या कादंबऱ्या मिळतात.

हे-ऑन-वाय (थोडक्यात ‘हे’) या जुन्या पुस्तकांच्या दुकानांच्या गावाबद्दल मात्र माझं मत पार बदललं. आधी वाटायचं लोक फोटो काढायला जातात. पावसात, गर्दी नसताना गेलो आणि तिथंच रमलो. गाव वेल्समध्ये, पत्त्यावरचं पोस्ट इंग्लंडमधल्या हेरफर्डचं, पाट्या वेल्श आणि इंग्लिश दोन्हींत. सीमेवरच्या माणसाला लगेच घरच्यासारखं वाटतं. रिचर्ड बूथ नावाच्या माणसानं १९६२ च्या सुमारास तिथं जुन्या पुस्तकांचं दुकान टाकलं, मग एकामागं एक दुकानं होत गेली, आणि १ एप्रिल १९७७ ला त्यानं गाव स्वतंत्र राज्य जाहीर करून स्वतःला राजा करून घेतलं. किल्ल्यापाशी उघड्यावर कपाटं आहेत, माणूस कुणी नाही, पुस्तक घ्यायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. पावसानं कडा फुगलेली पुस्तकं, पानं एकमेकांना चिकटलेली, तरी लोक एकेक हलक्या हातानं सोडवून बघत होते. बूथच्या नावाच्या दुकानात कॅफे आहे, आणि मला वर सोफ्यावर कुणी उठवलं नाही. माझ्याकडनं पाच स्टार त्या सोफ्याला.

आपलं भिलार, पाचगणीजवळचं, मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं ते या ‘हे’वरूनच. तिथं घराघरांत पुस्तकं आहेत, बसून वाचायची, आणि खुर्चीच्या बाबतीत भिलार ‘हे’च्या पुढं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण मला सारखे आठवत होते बेळगावजवळचे, मराठी साहित्य संमेलनं भरवणारे आपले कडोली, येळ्ळूर, उचगाव. ‘हे’चा मोठा साहित्य महोत्सव १९८८ ला सुरू झाला, म्हणजे दुकानं पंचवीसेक वर्षं आधीची. आपल्याकडं उलटं. गावच्या संमेलनाला मांडव भरतोय, बाया-माणसं दिवसभर बसून ऐकतात, स्टॉलवर पुस्तकं विकली जातात, आणि दुसऱ्या दिवशी मांडव उतरला की पुस्तक हातात घेऊन बघायला बेळगाव गाठावं लागतं. वर्गणी काढून मांडव घालणाऱ्या गावाला एक खोली, दोन कपाटं, पाच-सहा खुर्च्या आणि चहाची किटली जड नाही. यंदाच्या संमेलनाआधी मी हे कडोलीत बोलणार आहे, खुर्च्यांचे पैसे माझे.

आणि भावा, ‘हे’ला रेल्वे नाही. हेरफर्डपर्यंत ट्रेन, पुढं टी१४ बस. परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी बघून ठेव, मेच्या शेवटी महोत्सवात जाऊ नको, खोल्यांचे दर परवडत नाहीत, आणि शिक्क्यांचं कार्ड कुणी दिलंच तर भरल्या दिवशीच कॉफी घेऊन मोकळा हो.