भूसुरुंग: संपूर्ण बंदी की नियमांत राहून वापर?

माणसाच्या पावलाने फुटणाऱ्या सुरुंगांबाबत देशांपुढे दोन करार आहेत. 1997 चा ओटावा करार सरळ बंदी घालतो: बनवणं, साठवणं, विकणं, पेरणं, काहीच चालणार नाही. साठा 4 वर्षांत नष्ट करायचा, पेरलेली जमीन 10 वर्षांत साफ करायची.

दुसरा 1996 चा सुधारित प्रोटोकॉल 2, म्हणजे ठरावीक पारंपरिक शस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा एक भाग. भारत आणि पाकिस्तान यातच आहेत, ओटावात नाहीत. इथे सुरुंग पेरता येतात, पण अटी घालून. शोधयंत्राला निदान 8 ग्रॅम लोखंडाइतका इशारा मिळालाच पाहिजे, कारण निव्वळ प्लास्टिकचा सुरुंग नंतर काढणाऱ्याच्याच जिवावर उठतो. आपोआप निकामी न होणारे सुरुंग कुंपण घातलेल्या, खुणा केलेल्या, पहारा असलेल्या पट्ट्यातच हवेत, आणि त्यांची नोंद ठेवायची.

कागदावर हे समंजस वाटतं. पण पुरात, भूस्खलनात सुरुंग जागा सोडतो, मग नकाशा काय कामाचा? 2001-02 च्या ऑपरेशन पराक्रमात, म्हणजे पाकिस्तान सीमेवर भारताने केलेल्या सैन्याच्या जमवाजमवीत, आपल्या सीमेवरच्या शेतांत सुरुंग पेरले गेले, आणि ते काढताना जवानही दगावले.

लांबलचक सीमा राखणाऱ्या सैन्याची अडचण मला समजते. 2025 मध्ये लिथुआनिया, फिनलंड, पोलंड यांनीही रशियाच्या भीतीने ओटावातून बाहेर पडायचं ठरवलं. तरीही माझं मत बंदीच्याच बाजूने आहे. युद्ध थांबल्यावरही हे शस्त्र थांबत नाही, आणि गुरं राखणारं पोर कोण, सैनिक कोण, हे त्याला कळत नाही.