एव्हरग्रीन की फेअरहेवन? ग्रेड नसलेल्या दोन सरकारी कॉलेजांतून निवडताना

वॉशिंग्टन राज्यात बारावीला असलेल्या ज्या मुलामुलींना "मेजर (मुख्य विषय) कोणता?" या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, त्यांच्यासाठी सरकारी फीमध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत. एक ऑलिंपियाचं एव्हरग्रीन स्टेट कॉलेज, दुसरी बेलिंगहॅमच्या वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठातलं फेअरहेवन कॉलेज. सिएटलपासून पहिलं दक्षिणेला साठेक मैलांवर, दुसरं उत्तरेला नव्वदेक मैलांवर. दोन्हीकडच्या स्वतःच्या वर्गांत ए-बी-सी ग्रेड नाहीत. शिक्षक विद्यार्थ्याच्या कामाबद्दल परिच्छेद लिहितात, विद्यार्थी स्वतःबद्दल लिहितो आणि पदवीचा आराखडाही बराचसा स्वतःच बांधतो. लांबून पाहिलं तर जुळी भावंडं वाटतात. पण एका क्वार्टरमध्ये, म्हणजे साधारण दहा आठवड्यांच्या सत्रात, किती क्रेडिट पणाला लागतात, हे पाहिलं की फरक लगेच कळतो.

आधी विद्यार्थीसंख्येबद्दल

सिएटलजवळच्या रेडमंड, बॉथेल, समामिशकडच्या मराठी घरांत एव्हरग्रीनचं नाव निघालं की पालक पहिल्यांदा विचारतात, "ते बंद तर पडणार नाही ना?" प्रश्न रास्त आहे. राज्याच्या विधिमंडळाने १९६७ मध्ये हे कॉलेज स्थापन केलं आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी आले. २००९ च्या सुमारास संख्या पाच हजारांच्या जवळ होती. तिथून उतरण लागली. २०१७ च्या वसंतात वांशिक भेदभावाच्या प्रश्नावरून कॅम्पसवर झालेली आंदोलनं देशभर गाजली आणि घसरण तीव्र झाली. २०२१ च्या आसपास विद्यार्थी दोन हजारांच्या घरात आले. त्यानंतर आकडा थोडा सावरला, पण जुन्या उंचीपासून तो अजून खूप लांब आहे. घसरण २०१७ च्या आधीच सुरू झाली होती, हे मात्र विसरू नये. सगळं खापर एका वर्षावर फोडलं, तर कॉलेजने नंतर जे बदल केले ते का केले, हे समजत नाही.

बंद पडण्याची भीती आम्हाला फारशी वाटत नाही. हे कॉलेज राज्याच्या कायद्याने उभं आहे. २०१७ मध्ये एका आमदाराने त्याचं खासगीकरण करण्याचं विधेयक आणलं, तेही पुढे गेलं नाही. विद्यार्थ्याला झळ बसते ती दुसरीकडून. संख्या घटली की फीचं उत्पन्न घटतं, शिक्षकांची पदं कमी होतात आणि पुढच्या वर्षी निवडायला ठेवलेल्या विषयांची यादी आखूड होते. साध्या विद्यापीठात एखादा कोर्स रद्द झाला तर पाच क्रेडिटची अडचण होते. एव्हरग्रीनमध्ये क्वार्टरभर एकच प्रोग्रॅम असतो, तो रद्द झाला तर पूर्ण क्वार्टर मोकळा पडतो.

फेअरहेवनवरचा दबाव वेगळ्या जातीचा आहे. ते काही शे विद्यार्थ्यांचं छोटं कॉलेज आहे, पण चौदा-पंधरा हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाच्या पोटात. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाला कात्री लागली की त्याची झळ फेअरहेवनलाही लागते. तरी तिथला विद्यार्थी अडकून पडत नाही, कारण शेजारच्या इमारतीत वेस्टर्नचे सगळे विभाग असतात.

सोळा क्रेडिटची एकच टोपली

दोन्हीकडे पदवीला १८० क्वार्टर क्रेडिट लागतात, म्हणजे चार वर्षांत संपवायचं तर वर्षाला ४५. ती कशी जमतात, यात सगळा फरक आहे.

एव्हरग्रीनची मूळ पद्धत अशी की, विद्यार्थी एका वेळी एकच प्रोग्रॅम घेतो. तो सोळा क्रेडिटचा असतो आणि कधी दोन किंवा तीन क्वार्टर चालतो. दोन-तीन वेगळ्या विषयांचे शिक्षक एक प्रश्न मध्ये ठेवून तो एकत्र शिकवतात. किनाऱ्यावरच्या परिसंस्थेचा अभ्यास असेल तर जीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि तिथल्या आदिवासी जमातींचा इतिहास एकाच वेळापत्रकात बसतात. आठवड्यात व्याख्यानं, प्रयोगशाळा किंवा कार्यशाळा, क्षेत्रभेट आणि सेमिनार असतो. सेमिनारला नेमलेलं पुस्तक वाचून यायचं आणि बोलायचं. न वाचता गेलेला विद्यार्थी पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो. एका शिक्षकामागे साधारण पंचवीस विद्यार्थी असल्याने मागच्या बाकावर लपायची सोय नाही.

ही पद्धत जमली तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. दहा आठवडे मूल एकाच गोष्टीत बुडून राहतं आणि शिक्षक त्याला नावाने, लिखाणाने, बोलण्याने ओळखतात. न जमल्यास सगळी अंडी एकाच टोपलीत असतात. चौथ्या आठवड्यात आजारपण आलं, रूममेटशी बिनसलं किंवा विषयच आवडेनासा झाला, तर एक कोर्स सोडून बाकीचे वाचवायची सोय नसते. शिक्षक सोळापैकी बारा किंवा आठ क्रेडिट देऊ शकतात, पण त्यासाठी तेवढं काम झालेलं असावं लागतं. पहिल्या वर्षात मुलं एव्हरग्रीन सोडतात त्यात या रचनेचा वाटा आहे, असं आमचं मत आहे. पहिल्या वर्षानंतर टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण तिथे वेस्टर्नपेक्षा बरंच कमी आहे. ताजा आकडा केंद्र सरकारच्या कॉलेज नॅव्हिगेटर या संकेतस्थळावर दोन्ही नावं टाकून स्वतः पाहावा.

फेअरहेवनमध्ये टोपल्या अनेक असतात. क्वार्टरला तीन-चार वर्ग, प्रत्येक चार-पाच क्रेडिटचा. त्यातले काही फेअरहेवनचे, वर्णनात्मक मूल्यमापनाचे. काही वेस्टर्नचे, नेहमीच्या ग्रेडचे. एक वर्ग फसला तरी बाकीचे उभे राहतात. वेस्टर्नच्या सामान्य आवश्यक विषयांऐवजी फेअरहेवनचा स्वतःचा गाभा अभ्यासक्रम असतो. पुढे विद्यार्थी एकतर वेस्टर्नचा तयार मेजर घेतो किंवा स्वतःचं कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे स्वतः आखलेला मुख्य विषय, लिहून मंजूर करून घेतो. हे लिहिणं सोपं नसतं. कोणते वर्ग, कोणत्या क्रमाने आणि का, याचं कारण देत प्रस्ताव उभा करावा लागतो आणि तो एका बैठकीत होत नाही. ढिलाई केली तर तिसरं वर्ष संपत येतं तरी कागदावर काही नसतं. फेअरहेवनमध्ये मुलं बहुधा इथेच अडखळतात.

कॉलेजने काय बदललं

विद्यार्थी परत यावेत म्हणून एव्हरग्रीनने आपली रचना थोडी वाकवली. पूर्वी पुढच्या वर्षी काय शिकवलं जाईल हे शिक्षकांच्या आवडीवर बरंच अवलंबून असायचं. आता 'पाथ' आहेत. म्हणजे एखाद्या विषयात सुरुवातीपासून वरच्या पातळीपर्यंत दरवर्षी काय मिळेल, याचा ढोबळ नकाशा. चार, आठ, बारा क्रेडिटचे तुकडे वाढले, छोटी प्रमाणपत्रं आली, नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे वर्ग आधीपासून होतेच.

जुने ग्रीनर, म्हणजे तिथले माजी विद्यार्थी, याला मूळ कल्पना पातळ होणं म्हणतात. आम्हाला 'पाथ'ची कल्पना योग्य वाटते. ज्याला बीएस ही विज्ञानाची पदवी हवी आहे त्याला गणित आणि निसर्गविज्ञानात ७२ क्रेडिट लागतात आणि त्यातली ४८ वरच्या पातळीची. असा विद्यार्थी दरवर्षी नशिबावर राहू शकत नाही. छोट्या तुकड्यांबद्दल मात्र सावध राहा. चार वर्षं चार-चार क्रेडिटचे तुकडे गोळा करायचे असतील तर तेच काम इतर विद्यापीठं जास्त चांगलं करतात.

तुलनेसाठी फ्लोरिडातलं सरासोटाचं न्यू कॉलेज पाहावं. तेही सरकारी, छोटं आणि वर्णनात्मक मूल्यमापनासाठी ओळखलं गेलेलं. जानेवारी २०२३ मध्ये गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी तिथे सहा नवे विश्वस्त नेमले, मग विश्वस्त मंडळाने अध्यक्ष बदलल्या, जेंडर स्टडीजचा कार्यक्रम बंद झाला आणि संख्या वाढवण्यासाठी खेळाडूंची भरती सुरू झाली. त्या मानाने एव्हरग्रीनचा बदल हळू आणि आतून झालेला आहे. मूल्यमापन आणि एकत्र शिकवणं या दोन गोष्टींना हात लागलेला नाही. तिथे जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, कारण लोक तिथे जातात ते त्यासाठीच.

ग्रेड नसल्याचं नंतर काय होतं

एव्हरग्रीनमध्ये क्वार्टरच्या शेवटच्या आठवड्यात मूल्यमापनाची भेट असते. विद्यार्थी स्वतःचं मूल्यमापन लिहून आणतो, शिक्षक आपलं वाचून दाखवतात. शिक्षकांनी लिहिलेलं मूल्यमापन गुणपत्रिकेत जातं. त्याशिवाय प्रत्येकाला आपल्या शिक्षणाबद्दल एक छोटं अ‍ॅकॅडमिक स्टेटमेंट लिहावं लागतं. ते वर्षागणिक सुधारत न्यायचं आणि शेवटी तेही गुणपत्रिकेत जातं. चार वर्षांनी हातात पानंच्या पानं येतात आणि जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, नसतो.

अमेरिकेत मास्टर्सला जाताना विभागाचे प्राध्यापक ही पानं वाचतात आणि चांगलं लिहिलेलं असेल तर त्याचा फायदाच होतो. मेडिकल आणि लॉचं गणित वेगळं आहे. तिथले अर्ज आधी आकड्यांच्या चाळणीतून जातात. जीपीए नसला की एमकॅट (मेडिकल) किंवा एलसॅट (लॉ) या प्रवेशपरीक्षांच्या गुणांवर जास्त भार येतो. मेडिकलचं मनात असेल तर रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्राची किती क्रेडिट मिळाली हे प्रत्येक मूल्यमापनात नावानिशी वेगळं लिहून घ्यायचं. 'विज्ञान, १६ क्रेडिट' एवढ्यावर प्रवेश समिती थांबत नाही. फेअरहेवनमध्ये हा गुंता कमी आहे, कारण विज्ञानाचे वर्ग वेस्टर्नमध्ये घेतले की त्यांचे ग्रेड मिळतात आणि त्यांचा जीपीए तयार होतो.

भारतात परतून पुढे शिकायचा विचार असेल तर एक गोष्ट आजच ठरवा. तिथल्या बहुतेक अर्जांत टक्के किंवा सीजीपीएचा रकाना असतो आणि तो रिकामा सोडता येत नाही. एव्हरग्रीनच्या पदवीवाल्याला प्रत्येक ठिकाणी रजिस्ट्रारचं पत्र जोडून समजवावं लागेल. हे अशक्य नाही, पण मनस्तापाचं आहे.

संगणकशास्त्र हवं असेल तर आमचं उत्तर सरळ आहे. एव्हरग्रीनमध्ये ते शिकायला मिळतं, पण वेस्टर्नमध्ये त्याचा पूर्ण विभाग आहे. मुलाला फक्त तेच हवं असेल तर फेअरहेवनचाही आग्रह नको, सरळ त्या विभागात जावं. याउलट पर्यावरण, शेती, लोककला, सार्वजनिक धोरण किंवा आदिवासी समाजांचा अभ्यास असेल तर एव्हरग्रीनच्या तोडीचं राज्यात दुसरं नाही. सुमारे हजार एकरांचं जंगल, त्याला लागून प्यूजेट साउंड या समुद्राच्या खाडीचा किनारा, सेंद्रिय शेत आणि १९९५ पासूनचं लाँगहाउस हे आदिवासी संस्कृतीचं केंद्र, हे सगळं शिकवण्याचाच भाग आहे. ऑलिंपिया राज्याची राजधानी असल्याने विधिमंडळ आणि सरकारी खात्यांतली इंटर्नशिप घरापासून बसने गाठता येते. शहरातल्या बसला २०२० पासून तिकीटच नाही. फेअरहेवनकडे आउटबॅक नावाचं छोटं शेत आहे, कायदा आणि सामाजिक न्यायाचा चांगला अभ्यासक्रम आहे, आणि विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवायचे वर्गही आहेत.

प्रवेश आणि पैसा

प्रवेशाची अडचण दोन्हीकडे कमी आहे. राज्याच्या हमी प्रवेश योजनेत ३.० जीपीए आणि कॅडर नावाची विषययादी पूर्ण असलेल्यांना एव्हरग्रीन आणि वेस्टर्न दोन्ही दार उघडतात. या यादीत मुलं चुकतात ती दोन ठिकाणी. एक, परदेशी भाषेची दोन वर्षं. दोन, प्रीकॅल्क्युलस किंवा त्यापुढचं गणित आधीच झालेलं नसेल तर बारावीत गणित किंवा गणितावर आधारलेला विषय घ्यायलाच हवा, ही अट. अकरावीत गणित संपवून बारावी मोकळी ठेवणाऱ्यांनी काउन्सेलरला आधीच विचारावं. फेअरहेवनसाठी आधी वेस्टर्नचा प्रवेश, मग फेअरहेवन.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्या पालकांवर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर, असलेल्या मुलांच्या घरी दोन वेगळे प्रश्न एकच समजले जातात. राज्याची कमी फी हा एक प्रश्न. वॉशिंग्टनमध्ये राहून इथल्याच शाळेतून पास झालेल्यांना ती मिळण्याचे मार्ग कायद्यात आहेत, पण ती आपोआप लागत नाही. कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसकडे कागद द्यावे लागतात. आर्थिक मदत हा दुसरा. एच-४ वर फाफ्सा हा अर्ज भरून केंद्राची मदत मिळत नाही. राज्याच्या मदतीसाठी वॉस्फा हा वेगळा फॉर्म आहे, आणि आपलं मूल त्यात बसतं का हे कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला लेखी विचारावं. शिवाय एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो आणि बहुतेकांना एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. एफ-१ ला पूर्णवेळ, म्हणजे किमान बारा क्रेडिटची नोंदणी लागते. मधेच सोळा क्रेडिटचा प्रोग्रॅम सोडून दिला तर नोंदणी शून्यावर येते. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलल्याशिवाय तो सोडायचा नाही. चार वर्गांच्या रचनेत एक वर्ग सोडताना हा धोका लहान असतो.

ठरवण्याआधी करायची कामं

एव्हरग्रीनच्या संकेतस्थळावर चालू आणि पुढच्या वर्षाची प्रोग्रॅमची यादी असते. मुलाने एकट्याने बसून त्यातून तिन्ही क्वार्टरसाठी आपण खरोखर घेऊ असे प्रोग्रॅम निवडावेत, आणि प्रत्येकासाठी दुसरा पर्यायही. तिन्ही क्वार्टरला दोन-दोन नावं निघाली तर विद्यार्थीसंख्येच्या बातम्या बाजूला ठेवून जावं. एखाद्या क्वार्टरला एकही सापडलं नाही तर तो धोका खरा आहे, आणि दुसऱ्या वर्षी तो वाढेल. मग एखादा दिवस प्रत्यक्ष सेमिनारमध्ये बसायची परवानगी मागावी. फेरफटका मारून जंगल दिसतं, सेमिनार दिसत नाही.

फेअरहेवनसाठी सरावाचं काम वेगळं. मुलाने आपल्या कॉन्सन्ट्रेशनचं नाव आणि त्यात लागणारे सहा वर्ग एका पानावर लिहावेत, त्यातले निदान तीन वेस्टर्नच्या कॅटलॉगमधून. मग ते वर्ग घ्यायला आधी काय पूर्ण करावं लागतं ते तपासावं. काही विभाग वरचे वर्ग आधी आपल्या मेजरवाल्यांना देतात, आणि हे तिसऱ्या वर्षी कळलं तर उशीर झालेला असतो.

रनिंग स्टार्टमधून, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचे वर्ग घ्यायच्या राज्याच्या योजनेतून, कम्युनिटी कॉलेजची क्रेडिट जमवलेल्यांनी ती दोन्हीकडे कशी मोजली जातील, हे अर्ज करतानाच लेखी मागावं. तंत्रशिक्षणाची दोन वर्षांची पदवी असलेल्यांसाठी एव्हरग्रीनमध्ये 'अपसाइड डाउन' बीए आहे. नेहमीच्या पदवीत व्यवसायशिक्षण शेवटी येतं, इथे ते आधी झालेलं असतं आणि राहिलेली ९० क्रेडिट सामान्य शिक्षणाची करायची असतात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांना याहून सोयीचं काही फेअरहेवनकडे नाही.