साधी इसबगोल भुशी: माल चांगला, घोळ होतो पाण्याचा

जुनाट बद्धकोष्ठावर मेडिकलमधून सगळ्यात आधी काय आणावं, तर साधी इसबगोल भुशी. ‘टेलिफोन’ छापाचं सत इसबगोल घ्या किंवा दुसरं कुठलं; घटकांत भुशीशिवाय काही नसलं म्हणजे झालं. पीक उत्तर गुजरात-राजस्थानातलं, बाजारपेठ ऊंझ्याची. संत्र्याच्या चवीची पूड प्यायला बरी लागते, पण त्यात बहुधा साखर आणि सायट्रिक आम्ल असतं, म्हणजे चमच्यामागे भुशी कमी आणि दाम जास्त. मधुमेह्यांनी तर डब्यामागचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय ती घेऊच नये.

माल पारखणं सोपं आहे. भुशी फिकट, हलकी आणि कोरडी हवी. तळाशी काळपट बिया किंवा धूळ नको. चांगली १ ग्रॅम भुशी पाण्यात ४० मिलिलिटर किंवा जास्त फुगते. हे फुगणंच तिचं काम. ती पचत नाही, आतड्यातले जंतूही तिला फारसं आंबवत नाहीत, त्यामुळे धरलेलं पाणी मळात टिकतं आणि खडा होत नाही.

‘काही उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा पाण्याशीच बिनसलेलं असतं. अर्ध्या कप दुधात दोन मोठे चमचे कालवून, खीर झाल्यावर गिळून लगेच आडवं होणं ही घरोघरची रीत. त्यात भुशी घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकते आणि पाण्यावाचून पोट आणखी गच्च होतं. मोठ्या माणसाने असं घ्यावं: पूर्ण ग्लासभर, म्हणजे २०० ते २५० मिलि पाण्यात १ छोटा चमचा भुशी टाकायची, ढवळायची आणि घट्ट व्हायच्या आत पिऊन टाकायची. वर आणखी अर्धा-एक ग्लास पाणी. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. झोपण्याआधी निदान तासभर अंतर हवं.

आठवडाभर एवढंच. मग दर आठवड्याला एकेक चमचा वाढवत दिवसाला ३-४ छोट्या चमच्यांपर्यंत जावं, दोन वेळांत विभागून. पहिल्याच दिवशी भरपूर घेतली तर गुबारा धरतो आणि पाकीट फडताळात पडून राहतं. परिणाम १२ ते ७२ तासांत दिसतो, त्यामुळे उद्या सकाळचा वायदा धरू नये. तो वायदा सोनामुखीची चूर्णं पाळतात, ६ ते १२ तासांत, पण मुरडा मारून. अडल्यानडल्याला ठीक, वैद्य-डॉक्टरांना न विचारता रोज नको.

न्याहारीनंतर आतड्याला आपसूक चालना मिळते. तेव्हा ५-१० मिनिटं बसावं, कमोड असेल तर पायाखाली पाट घेऊन. कुंथू नये, आणि मोबाईल बाहेर.

नीट घेऊनही ४ आठवड्यांत फरक नसेल तर चमचे वाढवण्यात अर्थ नाही. आतड्याची गती मंद असेल किंवा शौचाच्या वेळी गुदाचे स्नायू सैल पडत नसतील, तर भुशीने गर्दीच वाढते. मग डॉक्टर बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्युलोज देतात; ही आतड्यात पाणी धरून मळ मऊ करणारी औषधं. लॅक्ट्युलोजने गॅस जास्त होतो. स्नायूंचा दोष असेल तर बायोफीडबॅकचा, म्हणजे यंत्रावरचे संकेत पाहून स्नायू सैल सोडायला शिकण्याचा सराव लागतो.

गिळायला त्रास, आतडं अरुंद झालेलं, मळाचा गोळा अडकलेला किंवा मॉर्फिनसारखी वेदनाशामकं चालू असतील तर भुशी घेऊ नये. पाण्यावर बंधन असलेल्या हृदय-मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आधी विचारावं. थायरॉइड, लोह वगैरेंच्या गोळ्या आणि भुशी यांत २ तासांचं अंतर ठेवावं. शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली तक्रार यांवर भुशी घेत दिवस काढू नयेत, तपासणी करावी. उलट्या होऊन पोट फुगलं आणि वाराही सरत नसेल तर थेट रुग्णालय गाठावं.

पाकीट फोडलं की भुशी घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत. पावसाळ्यात ओला चमचा एकदा लागला तरी गुठळ्या होतात.