घरात एकच बीपी मशीन: ऑमरॉन एचईएम-७१२०

घरात कुणाला बीपीचा त्रास निघाला की मशीन येतं आणि त्या एकाच माणसाचं होऊन बसतं. पण मीठ एकाच डब्यातलं, फरसाण एकाच ताटलीतलं आणि रात्रीची जागरणंही बरोबरीची. भारतातल्या मध्यमवयीन आणि वयस्कर जोडप्यांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधारण पाचातल्या एका जोडप्यात दोघांनाही उच्च रक्तदाब होता. तेव्हा मशीन घ्यायचं ते सगळ्या मोठ्या माणसांसाठीच.

या कामाला एचईएम-७१२० चांगलं आहे. एकच बटण दाबायचं, आकडे मोठे दिसतात, चार डबल-ए सेलवर चालतं. वाचन १३५/८५ च्या वर गेलं की हृदयाचं चिन्ह लुकलुकतं. घरी मोजताना हीच मर्यादा धरतात, दवाखान्यातली १४०/९० नाही.

याची मोठी उणीव म्हणजे मेमरीत फक्त शेवटचं वाचन राहतं. आईनंतर बाबांनी मोजलं की आईचा आकडा गेला. म्हणून मशीनसोबत वही हवीच: नाव, तारीख, वेळ, वरचं, खालचं, नाडी. डॉक्टरांनाही अशी आठवडाभराची वही एका सुट्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

दुसरी अडचण पट्ट्याची. सोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे. घ्यायच्या आधी सगळ्यांचे दंड टेपने मोजा. जाड दंडावर लहान पट्टा आवळला की बीपी खोटंच जास्त दिसतं आणि नाहक घबराट होते. अशांसाठी मोठा पट्टा वेगळा घ्यावा.

पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या एक-दोन सेंटिमीटर वर बांधायचा. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली तर तीच दंड आवळते, त्यापेक्षा हात बाहीतून बाहेर काढा. मांडी घालून जमिनीवर बसू नका. खुर्चीत पाठ टेकवून, दोन्ही पाय खाली, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवून पाच मिनिटं शांत बसा. हात दहा सेंटिमीटर खाली राहिला तरी वाचन सातआठ अंकांनी वाढतं. आधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको, लघवीला जाऊन या आणि मोजताना बोलू नका. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. नाडी अनियमित असणाऱ्यांनी या वाचनावर विसंबू नये, डॉक्टरांकडूनच तपासून घ्यावं.

वहीच्या शेवटच्या पानावर मिठाची पुडी फोडल्याची तारीख लिहा, हे फार कामाचं आहे. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. चौघांच्या घरात एक किलोची पुडी निदान पन्नास दिवस पुरली पाहिजे, आणि लोणचं, पापड, बेकरीचं मीठ यात धरलेलंच नाही. पुडी महिन्यात संपत असेल तर सगळ्यांच्याच भाजीतलं मीठ थोडंथोडं कमी करा, एकट्यासाठी अळणी वाटी वेगळी काढायची सवय फार दिवस टिकत नाही. पोटॅशियमयुक्त कमी सोडियमचं मीठ मात्र किडनीचा आजार असणाऱ्यांना किंवा बीपीची काही औषधं घेणाऱ्यांना धोक्याचं ठरू शकतं, आधी डॉक्टरांना विचारा.

आणि मशीनवर आकडा जास्त दिसला म्हणून घरातल्या दुसऱ्याची गोळी कुणीही घेऊ नये. पुन्हा शांत बसून मोजा, वही घेऊन दवाखान्यात जा. १८०/१२० च्या वर वाचन आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं असं काही असेल तर वहीत लिहीत बसू नका, १०८ ला फोन करा.